अनुभव : निरंक

अर्जाच्या नवव्या रकान्यात
मी लिहिलं, निरंक.
हा शब्द मला तलाठ्याच्या कागदावरून ठाऊक होता.
बोजा : निरंक, असं दिसलं की
बाबा कागद दोनदा वाचायचे.

इथे मात्र निरंक वाचून
गंगापूर रोडच्या काउंटरवरची मुलगी फाईल मिटते,
म्हणते, अनुभव घेऊन या.
कुठून, ते सांगत नाही.

तीन वर्षं आम्ही एका रबरी हातात सुया टोचल्या.
त्या हाताला गोदाक्का म्हणायचो.
गोदाक्का कधी कण्हली नाही,
पोरी, हळू, असं म्हणाली नाही.
तिची शीर नेहमी जागच्या जागी.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
सहा महिने बिनपगारी, शिवाय
मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात.
शबनम अत्तारनं सही केली.
ती आता बिलं छापते,
पेशंटला हात लावून तिला अकरा आठवडे झाले.

सातपूरला एका साहेबांनी आडनाव वाचलं, भोये,
गाव वाचलं, सुरगाणा,
आणि मायेनं म्हणाले,
तुमचं काय, तुम्हाला सरकारीत मिळेलच की.
मी म्हटलं, हो सर.
बाहेर येऊन रसवंतीवर अर्धा ग्लास घेतला,
अर्धा ग्लास मिळत नाही म्हणाला,
पूर्ण घेतला.

मखमलाबाद नाक्याच्या खोलीत आम्ही पाच जणी,
चार खाटा.
रात्री साडेआठला बाबांचा फोन.
लागलं का?
एवढंच विचारतात.
सुई काढल्यावर कापूस दाबताना
आम्हीही हेच विचारायला शिकलो होतो,
लागलं का?
मी म्हणते, अजून नाही.
दोन्ही अर्थांनी खोटं नव्हतं असं नाही.

मग शबनमनं एक फोटो पाठवला.
कुठल्याशा नोटीस बोर्डावरचा कागद,
नवीन परिचारिकांसाठी एक वर्षाचं प्रशिक्षण,
विद्यावेतनासह,
आणि फोन नंबर, शेवटचा आकडा फाटलेला.
मी शून्यापासून सुरुवात केली.
दोनला देवळाली कॅम्पातली बेकरी.
पाचला एक आजोबा, त्यांनी विचारलं,
इन्सुलिन द्यायला घरी येशील का गं?
पत्ताही सांगितला. मी लिहून घेतला, का कोण जाणे.
सातला तेलोरेबाई.
उद्या ये, म्हणाल्या. शरणपूर रोड. जेवून ये.

त्यांनी नववा रकाना वाचला,
चष्मा कपाळावर सरकवला.
कधी काय चुकलंय तुझ्या हातून?

सांगू नये ते मी सांगितलं.
दुसरं वर्ष, रात्रपाळी, चौदा नंबरची बाई.
सलाईन संपत आलेलं मला दिसत होतं.
सिस्टर चहाला गेलेल्या,
विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असा दम होता,
म्हणून मी नुसती उभी.
नळीत रक्त वर चढलं, बोटभर.
ती बाई माझ्याकडे बघत होती.
मग वॉर्डबॉयनं येऊन बंद केलं.
बाईला काही झालं नाही.
मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं,
प्रॅक्टिकलच्या वहीतही नाही.

तेलोरेबाई बराच वेळ पेनचं टोपण उघडत, लावत राहिल्या.
मग पेन माझ्याकडे सरकवून म्हणाल्या,
मग निरंक कशाला लिहिलंस?

सोमवार, सकाळी सव्वासात.
पिंपळगावचा टेम्पोवाला, नाव जगन्नाथ,
हात दोरखंडासारखा,
आणि शीर बोटाखालून पळणारी.
पहिल्यांदा चुकलं.
बाई मागे उभ्या. काही बोलल्या नाहीत.
मी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, जरा खाली,
बोटानं शोधलं, थांबले, शोधलं.
सुईच्या मुठीत लाल ठिपका आला.

लागलं का, दादा?
भिंतीकडे बघत तो म्हणाला,
लागलं की. पण तुझं चालू दे.

खिशात फोन थरथरत होता.
बाबा या वेळी कधी करत नाहीत.
माझ्या हातात ग्लव्हज होते,
आणि चिकटपट्टीचा दुसरा तुकडा
अजून लावायचा होता.